फळीवरची लाल सावली

पक्कड विकत घ्यायची तर आधी ती मिटून उजेडासमोर धरायची. दोन्ही जबड्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत द्यायची, मग तिची मूठ कितीही गुळगुळीत असो. पाना घ्यायचा तर नव्या कोऱ्या बोल्टवर चढवून हलवून बघायचा. सैल बसणारा पाना आधी बोल्टाचं डोकं खातो आणि मग एखाद्या दिवशी घसरून माणसाची बोटं खातो. कटर घ्यायचा तर तो तारेवर नाही, कागदावर बघायचा. नवा असताना तार कोणताही कटर कापतो. कागद मात्र तोच कापतो ज्याची दोन्ही तोंडं शेवटपर्यंत नीट मिळतात.

हे मला माझ्या नवऱ्यानं, भावसिंगनं शिकवलं. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो फिटर होता. आम्ही तांड्यावरची माणसं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेला, बाप शेतीला लागलेला. त्या घरात लोखंड म्हणजे विळे आणि बैलांचे नाल एवढंच. भावसिंगला पान्या-पकडींचं वेड कुठून लागलं कोण जाणे. यवतमाळला गेला की तो माझ्यासाठी बांगड्या आणायचा विसरायचा, पण कागदात गुंडाळलेली एखादी पक्कड हमखास आणायचा. मी रुसले की तीच पक्कड माझ्या कानाजवळ उघडझाप करून म्हणायचा, "ऐक, आवाज येते का? नाही येत. अशी चीज भेटत नसते."

रोज संध्याकाळी काम सुटलं की तो हत्यारं पुसायचा. रॉकेलच्या फडक्यानं आधी मळ काढायचा, मग खिळ्याच्या जागी मशीनच्या तेलाचा एक थेंब. आतलं काळं तेल बाहेर येईपर्यंत ती उघडायची, मिटायची आणि पुन्हा कोरडी पुसायची. तेलाचं बोट कापसाला लागलेलं त्याला चालत नसे. हत्यारं पेटीत एकावर एक टाकणाऱ्याशी तो बोलतसुद्धा नसे. पकडीनं खिळा ठोकणारा माणूस त्याच्या लेखी मेलेलाच.

जिनिंगच्या हत्यारखोलीत त्यानं भिंतभर एक फळी लावली होती. फळीला पांढरा रंग, आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल ऑइलपेंटनं भरलेली. पाना खिळ्यावर टांगला की लाल झाकलं जायचं. काढला की त्याच्या जागी त्याची लाल सावली उरायची. दाराशी उभं राहून एका नजरेत कळायचं की कोण बाहेर आहे. रोज सकाळी रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रं, सुरू करण्याआधी फोरमन अंगणातून हाक मारायचा, "फळी भरली का?" आणि आतून "भरली!" असं उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. असा रिवाज दुसऱ्या कोणत्या जिनिंगमध्ये मी ऐकला नाही. आमच्याकडे तो आगीनंतर सुरू झाला.

ती आग मी पाहिली आहे. कोणाच्या तरी हातून एक पाना कापसाच्या ढिगात राहिला. तो रेच्यात गेला, पात्याला घासला, ठिणगी उडाली. लोक समजतात, सरकी काढलेल्या रुईत ठिणगी पडली की भडका उडतो. तसं होत नाही. रुईत ठिणगी मुरते. वर पांढरं शुभ्र, आत ती बोटाएवढी जागा खात बसते. तशीच ती प्रेसमध्ये गेली, दाबली गेली, तारांनी बांधली गेली, गठाण होऊन गोदामात गेली. दोन-तीन दिवस कोणाला काही कळलं नाही. मग एका दुपारी रुक्माबाई गोदामाच्या सावलीत भाकरी खायला बसली. ती माझ्याच जोडीला रेच्यावर काम करायची. गठाणी पेटल्या तेव्हा आम्हाला तिचा आवाजसुद्धा आला नाही. भावसिंगनं गठाणी ओढायला हात घातले. नंतर त्याच्या तळव्यांवर रेषाच उरल्या नाहीत, तान्ह्या मुलांसारखी गुलाबी कातडी आली.

भावसिंग गेल्यावर मालकांनी मला हत्यारखोलीतच ठेवलं. पुसायचं, तेल द्यायचं, फळी सांभाळायची आणि सकाळी उत्तर द्यायचं. फिटर झाला माझा मुलगा शाम. हात चांगला आहे त्याचा, पण त्याला चकचकीत आवडतं. यंदा त्यानं मोबाईलवरून एक सेट मागवला. निळ्या मुठी, आरशासारखं पॉलिश. मी त्यातला कटर उघडला, मिटला, कागदावर लावला. कागद कापला गेला नाही, मुडपला.

"तुले तर काहीच पसंत पडत नाही याडी," तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"मले तुहा बाप पसंत पडला होता," मी म्हटलं, "बाकी पसंत पडाले येळच नाही भेटला."

यंदाच्या दसऱ्याला जिनिंगमध्ये दरसालसारखी पूजा झाली. मुहूर्ताच्या कापसाचा लहानसा ढीग घालतात, त्यावर फळीवरची सगळी हत्यारं मांडतात, हळदीकुंकू वाहतात, आपट्याची पानं ठेवतात. मग हत्यारं उचलायची आणि तोच कापूस पहिल्या रेच्यात घालायचा. त्याची एक गठाण बांधतात. ती मुहूर्ताची गठाण गोदामात ठेवत नाहीत. मोसमातली जी पहिली गाडी निघेल तिच्यावर सगळ्यांत वर, मागच्या बाजूला ती चढवायची, आणि गाडी तशीच बाहेर काढायची. लक्ष्मी आधी मुलूख फिरून आली म्हणजे भरभराट होते, असं जुने मालक मानायचे. नवे मालक काही मानत नाहीत, पण हे मोडायचा धीर त्यांनाही होत नाही.

हत्यारं मी माझ्या हातानं मांडली, हळद लावली. तांड्यावर जायची गाडी लागली होती म्हणून मी निघाले. मागे डफडं वाजत होतं, फाटकाशी फटाके चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगच्या फाटकातून आत आले तेव्हा फोरमन मारोतराव अंगणात उभे होते. आगीच्या वेळी ते प्रेसवर होते, त्या काळातले आता आम्ही दोघंच उरलो आहोत.

"फळी भरली का?" त्यांनी हाक दिली.

मी तोंड उघडायच्या आतच हत्यारखोलीतून शामचा आवाज आला, "भरली!"

"आज पोरगं बोललं, बिजलीबाई," मारोतराव हसले. "म्हातारीले आता पेन्शन द्या लागते."

रेचे सुरू झाले. जमीन थरथरू लागली. मी खोलीत गेले, खुंटीवरचं फडकं घेतलं आणि सवयीनं फळीवर नजर टाकली. फळी भरली होती. मग परत पाहिलं. खालच्या ओळीत, जिथं भावसिंगचा जुना कटर असतो तिथं एक कटर टांगलेला होता, पण त्याच्या कडेनं बारीक लाल दिसत होतं. चारी बाजूंनी. जखमेवर पट्टी लहान पडावी तसं.

शाम दाराशी होता. "हा कोणाचा?" मी विचारलं.

"आपलाच हाय. सेटमधला."

"जुना कुठं हाय?"

"असंल कुठं तरी. गाडीच्या डिक्कीत पाहातो मंग."

"शाम. काल कापसावर माह्या हातानं ठेवला होता मी तो. उचलला का तू?"

तो फळीकडे बघत राहिला. "उचलाले गेलो तं नव्हता. मले वाटलं कोणी तरी नेला पूजेतून. मालक उभे होते, डफडंवाले पैशासाठी अडून बसले होते. म्हटलं उद्या पाहू. आज सकाळीच हाक आली तं..." मग हळूच म्हणाला, "फळी खाली कशी दाखवायची याडी? बाबाच्या फळीले मी पहिल्यांदाच उत्तर देणार होतो."

मी बाहेर गेले आणि मारोतरावांना एवढंच सांगितलं, की भावसिंगचा कटर कालच्या कापसात गेला आहे. त्यांनी लगेच हात वर केला. रेचे एकेक करून थांबले, आणि ती शांतता मला आवाजापेक्षा वाईट वाटली.

पहिल्या रेच्यावर काल मानीबाई होती. ती म्हणाली, "टण् झालं खरं. पण बाहेर फटाके फुटून राह्यले होते ना वो. मले वाटलं फटाकाच हाय."

शाम रेच्याखाली शिरला. हात कोपरापर्यंत घालून त्यानं सरकीच्या जाळीतून कटर बाहेर काढला. हळद अजून मुठीला होती. एका जबड्याचं टोक तुटलेलं होतं, आणि तुटल्या जागी लोखंड निळं पडलं होतं. तापल्याशिवाय लोखंड निळं होत नाही. रेच्याच्या पात्यावर ताजी चकचकीत खाच होती.

"कालच्या रुईची गठाण?" मारोतराव म्हणाले.

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती माझ्या सुनेनं, उज्ज्वलानं दिलं. ती रुईच्या खोलीत काम करते, तशीच केसांत रुई घेऊन दाराशी आली होती. "भियाच्या गाडीत," ती म्हणाली. तिचा भाऊ उत्तमसिंग ट्रक चालवतो. मागल्या मोसमाच्या गठाणी भरून, वर मुहूर्ताची गठाण चढवून तो पहाटेच नागपूरकडे निघाला होता.

उज्ज्वलानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं परत लावला. "गाणे लावले असंल मोठ्यानं," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. "याडी, भिया दारव्ह्याच्या अलीकडं ढाब्यावर नाश्त्याले थांबते. अन् नाश्ता झाला का गाडीवर चढून गठाणीवर आडवा होते. ताडपत्री ओढून. त्याले झोप लागली तं..."

शामनं मोटरसायकल काढली. मी फळीवरून लांब दांड्याचा तारकटर उतरवला, पिशवीत घातला आणि त्याच्या मागे बसले. "तू कायले येते?" तो म्हणाला. गठाण हाताला कशी लागली म्हणजे वाईट, हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. इतकी वर्षं त्याच्याकडे पाहून मला बरं वाटत आलं आहे. त्या सकाळी मी मान खाली घालून शामच्या पाठीकडे पाहत राहिले. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागे मला धूर दिसायचा, आणि जवळ आला की ती धूळ निघायची.

ढाब्यासमोर उत्तमसिंगची गाडी उभी होती. शेजारी डिझेलचे दोन टँकर लागलेले, त्यांचे ड्रायव्हर खाटेवर चहा पीत बसलेले. उत्तमसिंग गाडीच्या वर, ताडपत्री बाजूला सारून, मुहूर्ताच्या गठाणीला पाठ टेकून बिडी शोधत होता.

"काय पाव्हणे!" तो वरून ओरडला. "याडीले घेऊन कुठं? सासुरवाडीले निंगाले का?"

"खाली उतर," शाम म्हणाला.

"काहून? दसऱ्याचं सोनं द्याले आले का एवढ्या दूर?"

"बिडी पेटवू नको अन् उतर म्हणतो ना!"

"अबे, सख्खा साळा हाय मी तुहा. जरा प्रेमानं बोलत जाय."

मी म्हटलं, "उत्तम, ज्या गठाणीले टेकला, तिले हात लाव."

"लावला याडी. मऊ हाय. तुह्या सुनेपेक्षा बरी, उलटून बोलत नाही." टँकरवाले हसले.

"गरम लागते का?"

"उन्हात हाय तं गरमच लागंल. मी बी गरमच हाय."

"सावलीच्या बाजूनं लाव. खालून, बोटं आत खुपसून."

त्यानं मला खूश करायचं म्हणून हात घातला. हसू तोंडावर तसंच होतं, पण हात काही लवकर बाहेर आला नाही. मग तो एका उडीत खाली आला. ट्रकवरून उतरतात तसा नाही, विहिरीत सापाला पाहून माणूस मागे सरतो तसा.

शामनं टँकरवाल्यांना सांगितलं. ते अर्धा चहा सोडून उठले आणि गाड्या घेऊन गेले. ढाब्यावरच्या माणसांनी लोखंडी सब्बल आणली. चौघांनी मिळून गठाण मागच्या बाजूनं ढकलली, गडगडत नेऊन सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात उभी केली. उत्तमसिंगनं ट्रक पार पुढे नेऊन लावला. मग आम्ही त्या गठाणीकडे बघत उभे राहिलो. धूर नव्हता, वास नव्हता. ऊन पडलेलं, एक पांढरी गठाण, तिच्यावर झेंडूचा हार. ढाबेवाला म्हणाला, "हिच्यात काय हाय बाई? बॉम्ब हाय का?" आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. शामनं आवाज मोठा केला. "कोणाच्या सांगण्यावरून गाडी थांबवली? म्हातारीच्या? तिला ती जुनी आग रोजच दिसते. गठाण परत चढवा. पार्टी वाट बघते आहे."

उत्तमसिंग त्याच्याकडे बघत होता. गठाण परत चढली असती तर तिच्यासोबत गेला असता तो, आम्ही नाही.

"मालक," शाम म्हणाला, "फळी भरली नव्हती. मी खोटं बोललो. काल कटर रेच्यात गेला, त्याची ठिणगी हिच्यातच हाय."

मग मालक म्हणाले, "खोलून दाखव. व्हिडिओवर. काही निघालं नाही तर उद्यापासून फाटकात येऊ नको."

मी म्हटलं, "खोलू नका. हवा लागंल. राहू द्या तिले इथंच, दोन-चार दिवस." पण माझं बोलणं फोनपर्यंत गेलं नाही, आणि गेलं असतं तरी काय झालं असतं.

शामनं फळीवरून खिशात टाकून आणलेला निळ्या मुठीचा कटर काढला आणि तारेला लावला. जोर केला. तार तशीच राहिली, कटरच्या तोंडाला मात्र दातासारखी खाच पडली. त्यानं तो कटर उलटा करून पाहिला आणि ढेकळांत टाकून दिला. मी पिशवीतून लांब दांड्याचा काढून दिला.

"समोर नको उभा राहू," मी म्हटलं. "कडेनं धर. तार तोंडावर येते."

त्यानं कडेनं धरला. पहिली तार तुटली आणि सापासारखी उसळून मातीत पडली. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक तारेसरशी गठाण फुगत होती, श्वास घेतल्यासारखी. शेवटची तुटली तेव्हा ती सैल होऊन एका बाजूला कलली आणि तिचे थर पोथीच्या पानांसारखे सुटले. सगळे पांढरे.

शामनं फोन तिच्यासमोर धरला. "पाहा मालक."

"काय पाहू? स्वच्छ तर आहे!" मालक म्हणाले. ढाबेवाला पुन्हा हसला. शामनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की सुटका, मला सांगता येणार नाही.

मधला एक थर हळूच खाली बसला. कोणी हात लावला नव्हता. आत जागाच उरली नव्हती म्हणून बसला. तिथं आधी मळकट पिवळं दिसलं, मग तपकिरी, आणि त्याच्या आत मुठीएवढी काळी पोकळी. तिच्या कडेनं एक लाल रेघ हळूहळू सरकत होती. जळक्या फडक्याचा वास आला. हवेची एक झुळूक वावरातून आली, अगदी साधी, आणि त्या पोकळीतून ज्वाळ माणसाएवढी वर आली.

शाम मागे पडला, त्याच्या भुवया जळल्या. आम्ही त्याला ओढलं. फोन वावरात पडला होता आणि त्यातून मालक अजून "हॅलो, हॅलो" करत होते. गठाण उघडली होती म्हणून भराभर पेटली, आणि पेटताना तिचा आवाज होत नव्हता. सगळ्यांत मला तेच ओळखीचं वाटलं. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, लोक मोबाईल वर करून उभे राहिले. उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा उत्तमसिंगनं उचलला. "हाय मी," एवढंच म्हणाला आणि शामच्या हातात दिला.

उत्तमसिंग जळणाऱ्या गठाणीकडे बघत बसला. मग उठला, पुढे लावलेल्या आपल्या ट्रककडे गेला आणि वर चढला. मीही हळूहळू मागे गेले. मुहूर्ताची गठाण पहाटेपासून ज्या गठाणींना चिकटून होती, त्या तो एकेक करून पाहत होता. सावलीच्या बाजूनं, बोटं आत खुपसून. एकीवरून हात काढायचा, लुंगीला पुसायचा, पुढच्या गठाणीत घालायचा.

मागच्या कोपऱ्यातल्या गठाणीत त्याचा हात जरा जास्तच वेळ राहिला.

"उत्तम?" मी खालून विचारलं.

त्यानं हात काढला, तळवा उलटून पाहिला आणि पुन्हा त्याच जागी घातला.

"ऊब उन्हाची असंल याडी," तो म्हणाला. पण ऊन त्या बाजूला नव्हतं, आणि तो खाली उतरत नव्हता.